दुसऱ्या तिरकिटानंतर

एप्रिल लागला की घाटाखालच्या आमच्या गावात घरोघर कूलर सुरू होतात. संगीत विभागात मात्र एप्रिल म्हणजे कूलर बंद करायचे दिवस. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याची घरघर चालत नाही, तानपुरा त्यात बुडून जातो. मग बाहेरगावचे परीक्षक, गाणारी मुलगी, तानपुऱ्यावर बसलेली मुलगी आणि तबलजी असे चौघे त्या बंद खोलीत भिंतीतून येणारी झळ सोसत बसतात. पाण्याची टपटप थांबते, ओल्या गवताचा वास हळूहळू सुकत जातो, आणि दहा मिनिटांत खोलीत गाणाऱ्याचा श्वाससुद्धा मोजता येईल अशी शांतता होते. ही शांतता मी विद्यार्थिनी म्हणून सोसली आहे आणि शिक्षिका म्हणून वर्षानुवर्षं. दोन्हीत फारसा फरक नाही.

परवा शेजाऱ्यांनी कूलरला गवताच्या नव्या ताट्या बसवल्या. भिजलेल्या गवताचा वास खिडकीतून आत आला आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझी कसलीही परीक्षा नाही. पण ही गोष्ट माझ्या हातांना कोणी कळवलेली दिसत नाही.

आणि यंदा घरात प्रल्हाद नाहीत. जानेवारीत गेले. दाढी करता करता खुर्चीवर टेकले आणि उठले नाहीत; गालाला साबण तसाच होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव तोंडाने घेतलं नाही, 'अहो'वर भागवलं. कागदावर लिहिताना अजून हात अडखळतो. ते विभागाचे तबला संगतकार होते. मी आधी तिथली विद्यार्थिनी, मग गायनाची शिक्षिका. आमच्या घरात एप्रिल कधी सुट्टीचा महिना नव्हता.

मार्चमध्ये गजानन घरी आला. आता तो विभागप्रमुख आहे, पण माझाच विद्यार्थी, त्यामुळे अजूनही उंबऱ्याशी चप्पल सरळ लावून ठेवतो. जानेवारीत त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आला होता तेव्हा पंगतीत वाढत होता. या वेळी चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "बाई, विद्यापीठाची माणसं पाहणीले येऊन राह्यली. विभागाचा इतिहास पाहिजे त्यायले. चार पानं. तुमच्याशिवाय कोणाले माहीत आहे?"

"चार पानांत काय मावणार रे?"

"चारच लिहा. जास्त लिहिलं त खरंच वाचतील."

मी हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा हसले असेन, कारण हसल्यावर घसा खवखवला.

लिहायला बसले तेव्हा पहिलं पान सोपं गेलं. लांबच्या शहरात राहून शिकणं इकडच्या मुलांना परवडत नाही, म्हणून विद्यापीठाने आमच्या गावात संगीत विभाग काढला. जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीची. यंत्रं गेली होती, पण कापूस गेला नव्हता. तो फटींमध्ये होता, छताच्या लाकडांत होता. दर वर्षी परीक्षेआधी तानपुरे पुसायला काढले की भोपळ्याच्या आतून सरकीला चिकटलेला कापसाचा पुंजका निघायचा. तो आत जातो कसा, हे कोणाला कधी कळलं नाही. पहिले विभागप्रमुख बाहेरचे होते, फार विद्वान. दोन उन्हाळे काढले आणि बदली करून घेतली. जाताना म्हणाले, "इथे राग टिकत नाही, वितळतो." हे वाक्य मी इतिहासात घातलं आणि पुन्हा काढलं.

दुसरं पान प्रल्हादांपर्यंत आलं आणि तिथे अडलं.

ते दुसरबीडचे. वडिलांचं रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या टायरवर हात मारून हवा ओळखता ओळखता या मुलाच्या हातात ठेका आला, असं ते स्वतःच सांगायचे. यातलं खरं किती, ते त्यांनाच माहीत. मोठे झाल्यावर गायन पार्टीत ढोलकी वाजवली, मग रीतसर तबला शिकले. विभागात लागल्यावरही चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत ते पार्टीबरोबर गावोगाव जायचे. परत यायचे ते सुजलेली बोटं घेऊन, आणि लगेच परीक्षा. मी बोटांना तेल लावून द्यायचे तेव्हा म्हणायचे, "डाव्या हाताले जास्त लाव. परीक्षेत त्याचंच काम असते."

डाव्या हाताचं कसलं काम, हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

त्या एप्रिलमध्ये गजाननची परीक्षा होती. तेव्हा तो काडीसारखा पोरगा होता, आवाज मात्र भरदार. विलंबित एकताल हा बारा मात्रांचा. त्यात तबल्यावर 'तिरकिट' दोनदा वाजतं. दुसरं तिरकिट ऐकू आलं की गाणाऱ्याने समजायचं, आता दोनच मात्रा उरल्या. बंदिशीच्या सुरुवातीचा मुखडा उचलायचा आणि पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन उतरायचं. सम चुकली की सगळं चुकलं. बाकी कितीही गोड गा, परीक्षकाची पेन्सिल हलते. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. गजानन वरच्या षड्जावर गेला आणि तिथेच अडकला. दुसरं तिरकिट वाजून गेलं. मी डोळे मिटले. मला हिशोबाने कळत होतं की हा आता पोचत नाही.

तो पोचला. सम त्याच्या अक्षराखाली अलगद येऊन बसली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता मी म्हटलं, "अहो, आज एका आवर्तनात बारापेक्षा जास्त मात्रा झाल्या."

"झाल्या. दीड." ते हातोडीला फडकं गुंडाळत होते. जराही दचकले नाहीत.

"हे बरोबर आहे का?"

"वर्षभर बारात गायला तो. एक दिवस घाबरला. घाबरण्याच्या मात्रा कोणी मोजाव्या?"

मग त्यांनी मला दाखवलं. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी' वाजवायचा आणि डावीकडच्या डग्ग्यावरचा तळहात उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा. गुंजन लांबतं. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजी रंगात आला. खरं तर तो वाट पाहत असतो. गाणाऱ्याच्या छातीकडे बघायचं, श्वास भरला की 'ना' द्यायचा आणि सम. "लय तुटत नाही," ते म्हणाले, "थोडी वाकते."

एकदा एक म्हातारे परीक्षक आले होते, कडक. त्यांना हे कळलं. परीक्षा संपल्यावर चहा घेताना त्यांनी विचारलं, "तबलजी, आज एकताल किती मात्रांचा वाजवलात?" आम्ही सगळे गार पडलो. प्रल्हाद बशीतला चहा फुंकत म्हणाले, "साहेब, इकडचं ऊन पाहून राह्यले ना? ह्या उन्हात लोखंडाचे रूळ वाढतात. मात्रा काऊन नाही वाढणार?" परीक्षक इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या वर्षी सगळी मुलं पास झाली.

ही गोष्ट विभागात अजून सांगतात. मीही सांगत आले. सांगून झाली की मात्र मी लगेच विषय बदलते.

कारण माझी स्वतःची परीक्षा. लग्नाआधीची, शेवटच्या वर्षाची. तेव्हा ते माझे कोणीच नव्हते. मी त्यांना 'भाऊ' म्हणायचे. याच्यावरून पुढे जन्मभर टोमणे ऐकले. मी देऊळघाटची, शाळामास्तरांची मुलगी, गाण्यापेक्षा पुस्तकांत जास्त रमणारी. राग मुलतानी. तीच खोली, बंद कूलर. तिसऱ्या आवर्तनात मी पंचमावरून वर गेले आणि मला तिथे बरं वाटलं. तेवढीच चूक. बरं वाटलं आणि मी थांबले. दुसरं तिरकिट ऐकू आलं ते लांबून, दुसऱ्या कोणाच्या परीक्षेत वाजल्यासारखं. मुखडा उचलला तेव्हाच कळलं होतं की उशीर झाला आहे. डोळे मिटून मी उडी टाकली. आणि समेचा 'धिं' नेमका माझ्या पायाखाली आला.

मी बाहेर येऊन दाराशी थांबले. परीक्षक निघून गेले, खोली रिकामी झाली. प्रल्हाद एकटेच तबल्यावर वाकून हातोडीने सूर जुळवायचा लाकडी गट्टा ठोकत होते. मी दारातून विचारलं, "भाऊ, सम आली ना बरोबर?"

त्यांनी मान वर केली नाही. "आली ना. काऊन नाही येणार?"

मी पहिली आले. माझ्याबरोबरची शोभा दुसरी आली, थोडक्यात. शोभाचा ताल पक्का होता. डोळे मिटूनसुद्धा ती कधी चुकली नाही. तिच्यासाठी कोणाला वाट पाहावी लागली नसती. विभागात गायनशिक्षकाची एकच जागा निघाली आणि पहिली आलेली म्हणून ती मला मिळाली. शोभा लग्न करून घाटावर गेली. पुढे एकदा बसस्थानकावर भेटली तेव्हा मी विचारलं, गातेस का? ती म्हणाली, "कुठचं गाणं बाप्पा! आता म्हशी ऐकतात." आणि मोकळं हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. मी मात्र घरी येईपर्यंत बोटांवर बारा मोजत राहिले.

त्या दिवशी बारा मात्रा होत्या की साडेबारा? एवढाच प्रश्न. चार शब्दांत विचारता आला असता. जेवताना किंवा बसमध्ये, किंवा त्यांच्या बोटांना तेल लावताना. मी विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. 'दीड' म्हणाले तितक्याच सहज. म्हणूनच विचारलं नाही. दर एप्रिलला वाटायचं, या वर्षी विचारू. मग परीक्षा संपायची, कूलर पुन्हा सुरू व्हायचे, आणि तो प्रश्न त्या घरघरीत बुडून जायचा.

एकदा गजाननला आडून विचारून पाहिलं. तो स्वतःची गोष्ट कोणालाही सांगतो, "प्रल्हादकाकांनी मले तारलं, नाहीतर आज मी दुकानात बसलो असतो." मी म्हटलं, "आणि मला रे?" तो एकदम गोंधळला. "तुम्हाले कशाले तारतील बाई? तुम्ही तर तुम्हीच." हे उत्तर मला अजिबात नको होतं.

आता विचारायला कोणी नाही. इतिहासाच्या दुसऱ्या पानावर 'श्री. प्रल्हाद यांनी दीर्घकाळ तबला संगत केली' एवढं वाक्य लिहून मी आठ दिवस बसून होते. त्यापुढे काय लिहायचं? या विभागातून बाहेर पडलेल्या निम्म्या मुलांच्या समा त्यांच्या डाव्या तळहातावर उतरल्या, हे? आणि त्या निम्म्यांत मी आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, हे?

तशातच कांचन आली. संग्रामपूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शेवटच्या वर्षाला यंदा ती एकटीच आहे. संगतकाराची जागा प्रल्हाद निवृत्त झाल्यापासून रिकामी, म्हणून परीक्षेला मोबाइलवरचा तबला लावायचं ठरलं होतं. मुलगी दारातूनच बोलत आत आली.

"बाई, तो मोबाइल जरासाही थांबत नाही. मी श्वास घेऊन राह्यली का मरून राह्यली, त्याले काय? तो आपला बडवून राह्यला."

"त्याचं कामच ते आहे. तू मोजायला शीक."

"मोजते ना! घरी बरोब्बर येते. आमच्या बाबाले विचारा, त्याले बी पाठ झालं. सरांसमोर गेली का सगळं पळून जाते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही ठेका धरसान का? गजानन सर म्हणत होते, तुमाले येते."

तबला मी शिकले नाही. पण इतकी वर्षं त्याच घरात राहून विलंबित एकताल धरण्याइतका हात तयार झाला होता. दुपारी ते डुलकी काढायचे तेव्हा मी हळूच वाजवायचे आणि ते डोळे न उघडता म्हणायचे, "तिरकिट स्वच्छ कर." जानेवारीनंतर त्यांच्या तबल्याची पिशवी मी उघडलेली नव्हती.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

ती गेली नाही. टेबलावरची माझी पुस्तकं सरळ करत उभी राहिली. मग म्हणाली, "एकटीच हाय ना बाई मी. नापास झाली त विभागाचाच निकाल शून्य."

मी गजाननला फोन केला. नियमात बसतं का, विचारलं. तो म्हणाला, "नियमात मोबाइल बी नाही बसत बाई. तुम्ही तर माणूस आहात."

त्यानंतरचे दिवस मी नीट झोपले नाही. तबल्याची भीती नव्हती. भीती ही, की ती अडली तर माझा हात काय करील? मी ठरवून टाकलं: बारा म्हणजे बारा. कोणासाठीही वाकायचं नाही. प्रल्हादांनी केलं ते त्यांच्या जिवावर केलं, त्यांना ते पेललं. माझ्याकडून पुन्हा एक मुलगी जन्मभर एका प्रश्नाचं ओझं घेऊन जायला नको. दिवसातून दहा वेळा हे स्वतःला सांगत होते. आणि दर वेळी दुसरा आवाज यायचा: तुझ्यासाठी कोणी वाट पाहिली असेल तर?

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की जिनिंगच्या पत्र्यांचा कडकड आवाज येत होता. कोरड्या हवेने तबला चढला होता. खालून हातोडी मारून तो उतरवला. गजाननने कूलर बंद केला आणि परीक्षकांना पाणी दिलं. तानपुऱ्यावर पहिल्या वर्षाची मुलगी होती. कांचन माझ्यासमोर बसली, तिने ओढणीला हात पुसले. भीमपलासी.

पहिली दोन आवर्तनं बरोबर गेली. ती बोटांवर मोजत होती, मला दिसत होतं. तिसऱ्यात बोटं थांबली. ती मध्यमावर टेकली आणि तो मध्यम खरंच सुंदर लागला. तिलाही ते कळलं. तिचा चेहरा सैल झाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबू नकोस, तिथे थांबू नकोस. दुसरं तिरकिट वाजवलं. स्वच्छ वाजलं. तिची छाती हललीच नाही; श्वास घ्यायचा राहिला होता. मी 'धी' दिला. डावा तळहात डग्ग्यावर होता.

पुढचं मी तेव्हापासून कितीदा आठवून पाहिलं आहे. तळहात पुढे सरकला, हे खरं. तो रोजच सरकतो, ठेक्यात सरकावाच लागतो. जास्त सरकला का? तिने श्वास घेतला तो माझ्या 'ना'च्या आधी की नंतर? तिने मुखडा घाईने उचलला असेल आणि वेळेत आली असेल. मी मोजत होते, शपथेवर सांगते मोजत होते, पण अकरा आणि बारा यांच्यामध्ये मी मोजत नव्हते, तिच्याकडे बघत होते. सम आली. तिच्या अक्षराखाली येऊन बसली. परीक्षकांची मान डोलली आणि पेन्सिल कागदावर तशीच पडून राहिली.

इतकी वर्षं मी समजत होते की उत्तर त्यांच्याजवळ आहे आणि मी विचारत नाही. गजाननच्या वेळी त्यांना दीड मात्रा ठाऊक होती. माझ्या वेळी? त्या वेळी ते माझ्याकडे बघत होते की मोजत होते? दोन्ही एकदम दर वेळी करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

परीक्षक गेले. गजाननने कूलर सुरू केला, गवतावर पाणी पडल्याचा वास आला. खोली रिकामी झाली. मी एकटीच तबल्यासमोर बसून होते. दारात पावलं वाजली. कांचन होती, बाहेरच्या उन्हाने लाल झालेली, ओढणी मुठीत धरून.

"बाई, सम आली ना बरोबर?"

मी पिशवीतून हातोडी काढली. तबला जवळ ओढला, वाकले आणि गट्ट्यावर हलकेच ठोका दिला.

"आली ना. काऊन नाही येणार?"

ती माझा चेहरा दिसावा म्हणून थोडा वेळ थांबली असावी. मी मान वर केली नाही, ठोकत राहिले. परीक्षा संपली होती. गट्टा आधीच जागेवर होता.